'आमचं खुळं' म्हणजे नेमकं काय? मराठीतल्या लाडाच्या शब्दांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी तरुणी मूळची बंगाली, लग्न होऊन कोल्हापूरजवळच्या एका गावात आलेली. मराठी बऱ्यापैकी बोलते. सासरी सगळे एकमेकांना येडा, कार्टी, मेल्या म्हणतात आणि वर हसतात. नवरा स्वतःच्या आईला 'येडी हायस का तू?' म्हणतो, तेव्हा आईच आधी हसते. म्हणून हिनंही एकदा हसत हसत सासूबाईंना 'येडी कुठली!' म्हटलं, तर घर एकदम गप्प झालं. त्यानंतर आठवड्याभरानं सासूबाई शेजारच्या काकूंना म्हणाल्या, 'आमचं खुळं अजून झोपलंय.' ते हिच्या कानावर पडलं आणि मनाला लागलं. हे शब्द प्रेमाचे समजायचे की अपमानाचे, आणि आपण त्यातले कोणते वापरायचे, असं तिनं विचारलं आहे.

आधी त्या 'खुळ्या'चं बोलू, कारण तेच तुम्हाला लागलंय. गेली वीस वर्षं मी अमराठी प्रौढांना बोलायचं मराठी शिकवते आहे. त्या अनुभवावर सांगते, त्या वाक्यात तुमचा अपमान नाही. उलट, नव्या सुनेच्या वाट्याला हे वाक्य सहजासहजी येत नाही. एकदा शब्द न् शब्द बघा. सासूबाई 'ती खुळी अजून झोपली आहे' म्हणाल्या नाहीत. 'खुळी'चं 'खुळं' केलं, 'झोपली'चं 'झोपलंय' केलं आणि त्याच्या आधी 'आमचं' लावलं.

बंगालीत नामांना व्याकरणातलं लिंग नसतं. त्यामुळे मराठी शिकताना खुर्ची ती का आणि टेबल ते का, हे तुम्ही निव्वळ पाठ केलं असणार. नपुंसकलिंग म्हणजे निर्जीव वस्तूंचं लिंग, असंही कुणीतरी सांगितलं असेल. तिथेच गफलत होते. मराठीतली पिल्लं आठवा. गाईचं वासरू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, म्हशीचं रेडकू, घोडीचं शिंगरू, हरणाचं पाडस, कोंबडीचं पिल्लू आणि माणसाचं मूल, बाळ, लेकरू. सगळी 'ते'. छावा किंवा बछडा असे थोडे अपवाद सोडले, तर आईच्या अंगाखाली झोपणारं जे जे काही आहे, ते मराठीत नपुंसकलिंगी आहे. म्हणून मोठ्या माणसाला मुद्दाम नपुंसकलिंगात बोलावलं, की त्याला या रांगेत आणून बसवलेलं असतं. चाळिशीतला मुलगा कामावरून दमून येतो आणि म्हातारी आई म्हणते, 'आलं का माझं लेकरू? दमलं असंल.' मुलाच्या डोक्यावर टक्कल असतं, पण वाक्यात तो वासरू, कोकरू यांच्या शेजारी उभा असतो.

तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला तिथे नेऊन बसवलं. तेही तुमच्या तोंडावर गोड बोलायला नाही, तर तुम्ही ऐकत नाही असं समजून.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी, कारण नपुंसकलिंग दुधारी आहे. 'ते खुळं परत आलं वाटतं' यात तिरस्कार आहे. माणसाला माणसातून उठवून वस्तू करून टाकलंय. फरक पडतो तो 'ते' आणि 'आमचं' यांच्यामुळे. माझं, आमचं, आपलं यातलं काही पुढे लागलं, की शब्द घरात घेतला जातो. 'आमचं येडं', 'माझं बावळट', 'आपलं शहाणं' हे लाड. 'ते येडं' हा लाड नाही. कोल्हापूरकडे तर खुळा हा शब्द मुळातच हलका आहे. तिथे एखाद्या गोष्टीची तारीफ करायची तर 'नाद खुळा!' म्हणतात, आणि त्याहून मोठी पावती त्या भागात क्वचितच मिळते.

लिंगाचा हा खेळ इथेच थांबत नाही. तुमच्या घरात लहान मुलगी असेल तर ऐका, तिला 'ये माझ्या राजा' म्हणतात, 'काय रे सोन्या' म्हणतात. मुलीला 'रे' कसं, असं माझे विद्यार्थी विचारतात आणि वहीत चूक म्हणून लिहून घेतात. ती चूक नाही. मराठवाड्यात, विदर्भात बाप आपल्या पोरीला 'काय झालं माय?' म्हणतो, म्हणजे लेकीलाच आई करून टाकतो. चार वर्षांच्या मुलीला 'आजीबाई' आणि मुलाला 'आजोबा' म्हणतात ते याच जातीचं. आणि पंढरीच्या वाटेवर तर वारकरी समोरच्या कुणालाही, बाईला, पुरुषाला, पोलिसाला, 'माउली' म्हणतो. ज्ञानेश्वर पुरुष, पण महाराष्ट्रानं त्यांना माउली म्हटलं आणि विठ्ठलाला विठाई केलं. प्रेम वाढलं की मराठी माणूस आधी लिंग बदलतो, हे मला शिकवताना दर वर्षी नव्यानं जाणवतं, आणि दर वर्षी त्याचा तितकाच आनंद होतो.

आता त्या गप्प झालेल्या घराकडे येऊ.

'येडी कुठली!' हे वाक्य तुम्ही अगदी बरोबर उचललं होतं. यातल्या 'कुठली'चा अर्थ 'कोणत्या गावची' असा राहिलेला नाही. दूषण देऊन मागे 'कुठला, कुठली, कुठलं' जोडलं, की त्याची धार जाते. वेडा कुठला, लबाड कुठली, चावट कुठला. क्रम उलटा केलात तर मजा संपते. 'कुठला वेडा?' हा खराखुरा प्रश्न होतो आणि समोरचा इकडेतिकडे वेडा शोधायला लागतो. शब्दाची निवडही जपून करायची. वेडा, लबाड, चावट, खट्याळ, द्वाड, आगाऊ हे सगळे 'कुठला' लावल्यावर गोड होतात. नालायक आणि हलकट तेवढे गोड होत नाहीत, ते जुन्या मित्रांतच चालतात.

मग वाक्य बरोबर असून चुकलं कुठे? तुम्ही नवऱ्याचं बोलणं ऐकलंत आणि त्याचं माप घेतलंत. पण तो आईला 'तू' म्हणतो. तुम्ही 'तुम्ही' म्हणता. येडी या शब्दाला आधी 'तू' लागतं, आणि ज्या माणसाला आपण अहो-जाहो करतो त्याला मराठीत येडं म्हणताच येत नाही. 'तुम्ही येड्या आहात' हे वाक्य व्याकरणात बसेल, पण कुणा मराठी माणसाच्या तोंडून निघणार नाही. तुम्ही 'तुम्ही' गाळून नुसतं 'येडी कुठली' म्हणालात, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानात तिथलं 'तू' आपोआप भरलं गेलं. घर गप्प झालं ते त्या न उच्चारलेल्या 'तू'मुळे. 'येडी'ला कुणाची हरकत नव्हती.

बंगालीत तुमच्याकडे तीन पायऱ्या आहेत, तुइ, तुमि आणि आपनि. मधली 'तुमि' फार सोयीची, तिच्यात जवळीकही आहे आणि मानही आहे. मराठीच्या रोजच्या बोलण्यात ती मधली पायरीच नाही. एक तर 'तू', नाही तर 'तुम्ही'. 'आपण' आहे, पण ते भाषणात आणि निमंत्रणपत्रिकेत. त्यामुळे तुम्हाला जे 'तुमि'च्या सुरात म्हणायचं होतं, त्याला मराठीत बसायला जागाच मिळाली नाही. ही अडचण मी बंगाली विद्यार्थ्यांत कितीदा तरी पाहिली आहे, तुम्ही एकट्या नाही.

मी वर्गात हे पाण्याच्या उदाहरणानं सांगते. लाडाच्या शिव्या उताराला वाहतात, मोठ्याकडून लहानाकडे. सपाटीवरही वाहतात, म्हणजे बरोबरीच्या मित्रांत, बहिणींत, नवराबायकोत. 'तू'चं नातं नसेल तर चढावर त्या जात नाहीत. सासूबाई तुम्हाला खुळं म्हणतील, नणंद आणि तुम्ही एकमेकींना म्हणाल, पण तुम्ही सासूबाईंना नाही. आणि चढावर जाण्याचं एकच मोठं उदाहरण मला ठाऊक आहे, तेही फार मोठं. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या जनाबाईंनी एका अभंगात खुद्द विठ्ठलाला 'विठ्या' आणि 'कारट्या' म्हटलं आहे. सहाशेहून अधिक वर्षं झाली, तरी लोक तो अभंग भक्तीनं म्हणतात, कारण जनाबाई आणि विठ्ठल यांच्यात पहिल्यापासून 'तू'च होतं.

कार्टा, कार्टी आणि कार्टं आजही त्याच दुहेरी अंगानं चालतात. 'काय कार्टं आहे हे!' असं आई दुकानात पसारा केलेल्या मुलाला म्हणते तेव्हा वैतागलेली असते, आणि तेच वाक्य रात्री त्याचं चित्र बाबांना दाखवताना म्हणते तेव्हा अभिमानानं फुललेली असते. शब्द तोच. कान सुराकडे ठेवा.

'मेल्या' या शब्दानं तुम्ही सर्वांत जास्त दचकला असाल. पोटच्या पोराला मेलेला कसं म्हणायचं? एकानं, तोही बंगालीच होता, वर्गात हा प्रश्न विचारताना चेहरा अगदी उतरवून ठेवला होता. यामागे जुनी भीती आहे. पूर्वी मुलं जगत नसत. चांगलं बोललं तर दृष्ट लागेल, म्हणून उलटं बोलायचं. ज्या घरात आधीची मुलं गेली, तिथे पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू असं ठेवत, म्हणजे मरणाला वाटावं की हे काही नेण्याजोगं नाही. तुमच्याकडचं 'तिनकोडी' हे जुनं नाव आठवा, तीन कवड्यांना घेतलेलं मूल. भावना एकच. मेल्या, मुडद्या हे त्याच भीतीचे उरलेले तुकडे आहेत. आता भीती विसरली गेली आणि लाड तेवढा राहिला. कोकणात आणि जुन्या बायकांच्या तोंडी हा शब्द अजून भरपूर आहे. 'मेल्या, इतके दिवस कुठे होतास?' हे स्वागत असतं. तुम्ही मात्र तो वापरू नका. हा शब्द नव्यानं शिकलेल्या माणसाच्या तोंडी शब्दशः ऐकू येतो, आणि कुणाच्या घरी नुकतं काही दुःख झालेलं असेल तर तो फार लागतो. तो ऐकून हसायचं, एवढंच तुमचं काम.

आता नवऱ्याला काय म्हणायचं, ज्याबद्दल तुम्ही फारसं विचारलं नाही, पण खरं तर तिथेच तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे.

तुमच्याकडे डाकनाम असतं, घरातलं वेगळं नाव. मराठीत तसं वेगळं नाव दर वेळी असतंच असं नाही, आहे त्याच नावाला वाकवतात. मुलाच्या नावाला 'या' लावला की तो दोस्त होतो. सुनीलचा सुन्या, प्रशांतचा पश्या, सचिनचा सच्या, अमितचा अम्या, विनायकचा विन्या. यात धसमुसळेपणा आहे, खांद्यावर पडलेली थाप आहे. मुलींच्या नावाला 'ई' लागते आणि हाक मारताना तिचा 'ए' होतो, सुमन, सुमी आणि 'ए सुमे!' 'ऊ' लावला की तेच नाव मऊ होतं. शकुंतलेची शकू झाली की कौतुक, शकी झाली की भांडण तरी असतं किंवा घट्ट मैत्री तरी. आणखी खाली उतरलं की 'उली' आणि 'उलं' येतात, सोनुली, छकुली, गोडुलं, तान्हुलं. हे बाळांसाठी, पण नवराबायको एकमेकांना खासगीत म्हणतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खासगीतलाच अजून एक प्रकार म्हणजे बोबडं बोलणं. 'स'चा 'श' होतो, 'र'चा 'ल' होतो. 'माझं शोनं ते', 'काय झालं ले?' इथे तुम्ही आयत्या जिंकलात. मराठीत सोनं मुद्दाम बोबडं करून शोनं म्हणतात, आणि बंगालीत सोन्याला मुळातच शोना म्हणतात. आजची मराठी मुलं-मुली एकमेकांना सर्रास 'शोना' म्हणतात. तुमच्या तोंडी तो मातृभाषेतला शब्द आहे, नवऱ्याच्या कानी तो मराठीतला लाड आहे. हा एक शब्द बिनधास्त वापरा, दोघांनाही तो आपलाच वाटेल. पागली हाही तसाच. तुमच्याकडे 'पागली' ज्या सुरात म्हणतात, त्या सुराला मराठीत 'वेडाबाई' किंवा 'येडू' हा जोड आहे.

पिल्लू, पिल्ल्या, बच्चा, बबड्या, बबडी, जानू हे सध्याचे चलनी शब्द. पिल्लू मला मनापासून आवडतो. वर सांगितलेल्या रांगेतलाच तो आहे, आणि 'पिल्लू जेवलं का?' या तीन शब्दांत हाक, नपुंसकलिंग आणि जेवणाची चौकशी, म्हणजे मराठी प्रेमाचा सगळा संसार आला. लोक या वाक्याची थट्टा करतात. करू द्या. 'आय लव्ह यू'ला मराठीत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे भाषांतर आहे, पण घरात ते कुणी म्हणत नाही, ते ऐकताना नाटकातलं वाक्य वाटतं. त्याऐवजी 'जेवलास का?' असतं, 'पोचल्यावर फोन कर' असतं, 'ऐक ना' असतं. शेवटच्या दोन शब्दांकडे नीट लक्ष द्या. 'ऐक' ही आज्ञा आहे. 'ऐक ना' म्हटलं की पुढे काही सांगायचं नसलं तरी चालतं.

'अहो'बद्दलही बोलायला हवं. पूर्वी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, म्हणून अहो म्हणून हाक मारायची, आणि नाव घ्यायची वेळ आलीच तर उखाण्यात, यमकात गुंफून घ्यायची. आता बहुतेक मुली नवऱ्याला नावानं आणि 'अरे' करूनच बोलावतात. तरी 'अहो' मेलं नाही. त्याचं नामच झालं. 'माझ्या अहोंना भाजी आवडली नाही', 'अहोंचा फोन आला' असं तिशीतल्या मुली कौतुकानं म्हणतात. तुम्ही नवऱ्याला एरवी 'तू' म्हणत असाल, तर एखाद्या दिवशी चहा देताना नुसतं 'अहो, ऐकलंत का?' म्हणा आणि त्याचा चेहरा बघा. तुमच्या भागात कारभारी आणि मालक हेही आहेत. एके काळी ते खऱ्या अर्थानं वापरत, आता नवरा बायकोला 'कारभारीण बाई' म्हणतो आणि बायको त्याला 'काय मालक' म्हणते, तेव्हा दोघांनाही ठाऊक असतं की घर कोण चालवतं.

राया, साजणा, सख्या हे लावणीतले शब्द. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणू नका, मस्करीतच म्हणा. 'इश्श' तसंच. लाजल्यावर खरंच इश्श म्हणणारी बाई मला कित्येक वर्षांत भेटलेली नाही, पण नवऱ्यानं कौतुक केल्यावर पदर नसताना पदर सावरत 'इश्श' म्हणणाऱ्या पुष्कळ भेटल्या.

दिरासोबत आणि त्याच्या मित्रांसोबत तुमचं काम 'भावा'वर भागेल. कोल्हापूरकडचा तो लाडका शब्द, आता सगळ्या महाराष्ट्रात पसरलाय. 'भावा' म्हणताना नातं दाखवायचं नसतं, माया दाखवायची असते. त्यांच्या तोंडी गडी, मर्दा, लेका, लेकाच्या हेही ऐकाल. 'काय बेणं आहे राव!' असंही ऐकाल. बेणं म्हणजे लागणीसाठी ठेवलेली उसाची कांडी. ऊस पिकवणाऱ्या मुलखानं इरसाल पोराला तो शब्द दिला, कुठेही लावा, उगवणारच, असा. मला हा शब्द फार देखणा वाटतो. आईबहिणीवरून दिलेल्या शिव्याही ते एकमेकांना प्रेमानं देतात. त्या ऐकून सोडून द्या. तुमच्या तोंडी त्या कधीच प्रेमाच्या होणार नाहीत, आणि माझ्या मते त्या कुणाच्याच तोंडी नसाव्यात.

एक लक्षात ठेवा, 'वहिनी' हा शब्दही आता नुसता नात्याचा राहिलेला नाही. कॉलेजातल्या मुलाला एखादी मुलगी आवडली, की तिला पत्ताही नसताना त्याचे मित्र तिला 'वहिनी' म्हणायला लागतात. तुम्हाला दीर 'वहिनी' म्हणतो ते सरळ आहे. पण तो कुणा तिसऱ्याच मुलीला वहिनी म्हणताना दिसला, तर घरात दुसरं लग्न ठरलंय असा समज करून घेऊ नका. याच्या उलट 'दादा'. आवडत नसलेल्या मुलाला मुलीनं एकदा 'दादा' म्हटलं, की त्याचा विषय संपला.

काही शब्द प्रेमाचे वाटतात, पण नाहीत. त्यांच्याबद्दल मी वर्गात जरा कडकपणे बोलते. आयटम, माल, सामान, फटाकडी. यांत बाईला वस्तू केलेलं आहे, आणि इथे 'माझी' लावूनही ते घरात घेतले जात नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्यानं साखरपुड्यात सगळ्यांसमोर होणाऱ्या बायकोला कौतुकानं 'माझी आयटम' म्हटलं. मित्रांकडून शिकला होता बिचारा. मुलीच्या वडिलांचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. छावी हा शब्द त्या मानानं सौम्य, मैत्रीण किंवा प्रेयसी अशा अर्थाचा, पण तोही टपरीवरचा, तिच्या माघारी वापरायचा. लफडं, झेंगट, भानगड हे प्रेमप्रकरणाचे शब्द दुसऱ्याच्या प्रेमाबद्दल वापरतात. स्वतःच्या प्रेमाबद्दल बोलताना 'जीव लागला', 'जीव जडला' म्हणतात. लहान मूल असो, नवरा असो की म्हैस, ज्यावर माया त्याला मराठी माणूस 'जीव लावतो'. 'लई जीव लावला पोरीनं' असं तुमच्याबद्दल कुणी म्हणालं, तर त्यापुढे काही ऐकायचं राहत नाही.

दुसऱ्या भागातल्या पाहुण्यांकडून काही निराळंही कानावर येईल. मालवणी आजी मुलाला 'झिला' आणि मुलीला 'चेडवा' म्हणते, आणि मालवणीत चेडू हा मुलीसाठीचा साधा शब्दच नपुंसकलिंगी आहे. तिथे तुमचं कौतुक 'गो बाय माझे' असं होईल. नागपूरकडे मित्र 'काय बे' म्हणतात तेव्हा राग मानायचा नाही, पण तोच 'बे' तुम्ही कोल्हापुरात म्हणालात तर भांडण होईल. विदर्भात मुलीला पोट्टी म्हणतात, खान्देशात माणूस माणसाला 'भो' म्हणतो, मराठवाड्यात परका म्हातारासुद्धा 'लेकरा' म्हणून पाणी विचारतो. हे सगळं शिकायची गरज नाही, ओळखता आलं तरी पुरे.

मोबाइलवर लिहिताना मात्र जपा. सूर तिथे पोचत नाही, त्यामुळे 'येडी आहेस का' हे कोरडं वाक्य खरोखरच विचारल्यासारखं दिसतं. मराठी मुली त्याला 'गं' जोडतात, शेवटचा स्वर लांबवतात, 'येडी आहेस का गंऽऽ'. 'गं' आणि 'रे' ही दोन अक्षरं वाक्यात असली की सहसा भांडण होत नाही. 'कधी येणार?' आणि 'कधी येणार रे?' हे नवऱ्याला आलटूनपालटून पाठवून पाहा.

तर तुम्ही काय करायचं? घेताना सगळं घ्या, देताना हळूहळू द्या. नवऱ्याला आणि नणंदेला आजपासून येडू, येडपट, शहाणी, लबाड, हवं ते म्हणा. 'शहाणी' तर फारच कामाचा. 'शहाणीच आहेस' म्हटलं की मराठीत नेमका उलटा अर्थ निघतो, आणि कुणी दुखावत नाही. पुतण्या-भाच्यांना नपुंसकलिंगात लाडवा. 'आलं का माझं पिल्लू' हे तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतील तेव्हा घरातल्या बायका एकमेकींकडे बघतील, आणि ते बघणं मागच्या वेळसारखं नसेल.

सासूबाईंची वेगळी माफी मागायची गरज मला दिसत नाही. तो प्रसंग आधी घडला आणि 'आमचं खुळं' त्या नंतर म्हणाल्या, हा क्रम तुम्हीच सांगितला आहे. पण चेष्टा त्यांच्याशीही करता येते. चढावर जाणारं एक वाक्य मराठीत आहे, त्यात दूषण नाही, 'तू' नाही, आणि तरी ते 'येडी कुठली'चंच काम करतं. पुढच्या वेळी त्या काही गमतीचं बोलल्या, किंवा तुमचं उगाच कौतुक केलं, तर हातातलं काम तसंच ठेवून, मान थोडी तिरकी करून म्हणा, 'अहो आई, तुम्ही पण ना!'

'ना' जरा लांबवा. त्या बहुतेक उत्तर देतील, 'गप गं, खुळे.'